आश्रय देणारी गावे

 साहित्य संमेलन भरवणाऱ्या आमच्या रोडपालीसारख्या गावाला आज यजमान म्हणतात, पूर्वी आश्रयदाता म्हटले असते. आश्रय या शब्दाने काळागणिक किती रूपे घेतली!

बोरघाट चढला की कार्ले येते. तिथले चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने पूर्ण केल्याचे शिलालेख सांगतो. पण त्याच लेण्यात धेनुकाकटचा सुतार सामी दाराच्या कामापाशी स्वतःचे नाव कोरवून गेला आहे. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत तर वैद्य, माळी, लोखंडाचा व्यापारी असे दाते भेटतात. दान ही तेव्हा केवळ राजांची मिरास नव्हती.

राजाश्रयाचे बळ आणि त्याची मर्यादा सांगलीने पाहिली. संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या पाठबळावर विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ हे नाटक रंगवले. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले आणि संस्थानचा आधार सुटला. भावे नाटकमंडळी घेऊन गावोगाव निघाले, १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. संकटातून मराठी नाटकाला तिकीट काढणारा आश्रयदाता मिळाला.

सर्वांत बोलके उदाहरण डॉ. आंबेडकरांचे. १९१३ मध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. बदल्यात दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याचा करार होता. १९१७ मध्ये ते करार पाळायला आले, तर त्या शहरात त्यांना राहायला घर मिळेना. महाराजांचा आश्रय होता, पण समाजाने छप्पर नाकारले. आश्रय या एकाच शब्दातली ही दरी महाराष्ट्राने विसरू नये. पुढे १९२० मध्ये आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ या पाक्षिकासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, तेव्हा आश्रयाचा अर्थ विचाराला बळ देणे असा झाला.

रोडपालीच्या परिसराला आश्रयाचा छप्पर हा अर्थ अधिक जवळचा. १९७० मध्ये नवे शहर वसवणारी सिडको आली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. हे दान खुशीचे नव्हते. त्याविरुद्धच्या जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावले, तेव्हा कुठे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडांची वाट मोकळी झाली. त्याच भातखाचरांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत आज राज्यभरातून आलेली कुटुंबे राहतात आणि जुन्या आगरी घरांतल्या लग्नांना अजून धवलारीण धवले, म्हणजे लग्नगीते, गाते. अशा गावाच्या मंडपात, पाहुणे हो, आपले घर समजून बसावे.