म्हातारपण आधी पेशीत येतं

म्हातारपण आधी पेशीत येतं.
केस नंतर पांढरे होतात.

शरीरातली साधी पेशी
ठरावीक वेळाच विभागते.
शास्त्रज्ञ लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ साली हे दाखवलं.
दर विभाजनात गुणसूत्रांची टोकं थोडी झिजतात.
फार झिजली,
की पेशी विभागायची थांबते.

पेशी म्हातारी का होते, यावर दुसरं मत आपल्या महाराष्ट्रातलं आहे.
ते खारघरच्या टाटा मेमोरियल सेंटरमधल्या
डॉ. इंद्रनील मित्रा यांचं.
शरीरात रोज असंख्य पेशी मरतात.
त्यांच्यातून डीएनएचे कण बाहेर पडतात.
हे कण निरोगी पेशींत शिरतात
आणि तिथला डीएनए बिघडवतात.
थोडक्यात, मेलेली पेशी जिवंत पेशीला म्हातारी करते.

यावर उपाय म्हणून त्यांनी उंदरांना वर्षभर
दोन पदार्थ एकत्र दिले.
एक, द्राक्षाच्या सालीतलं रेझव्हेराट्रॉल.
दुसरं, अगदी किंचित तांबं.
दोन्ही मिळून ते कण मोडतात.
उंदरांच्या मेंदूत वार्धक्याच्या खुणा कमी झाल्या.

म्हणून कुणी धुळ्याच्या बाजारातून
तांब्याचा हंडा आणायला धावू नये!
प्रयोगातलं तांबं मोजूनमापून दिलेलं होतं.

जपानचे शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांची वाट वेगळी.
२००६ साली त्यांनी चार जनुकं वापरून
उंदराची वाढ झालेली पेशी
पुन्हा मूळ अवस्थेत नेली.
म्हणजे म्हातारपण पेशीत येतं,
आणि पेशीतूनच मागे फिरवण्याचा प्रयत्न होतो.
मात्र पेशी जास्त मागे नेली,
तर गाठी होण्याचा धोका असतो.