न दुखणारे दुखणे

सरकारी कचेरीत 'विचाराधीन' हा शब्द फार सोयीचा आहे. एखाद्या प्रकरणाला होकार द्यावयाचा नसतो आणि नकारही द्यावयाचा नसतो, तेव्हा ते विचाराधीन ठेवले जाते. वीस वर्षांच्या नोकरीत मी अशी अनेक प्रकरणे ठेवली असतील. परंतु त्यांतील एक प्रकरण माझे स्वतःचे होते. चाळिशी ओलांडली त्या वर्षी झालेल्या तपासणीत माझ्या रक्तातील उपाशीपोटीची साखर १४८ मिलिग्रॅम भरली. पुन्हा एकदा तपासून घ्या, असे डॉक्टरांनी बजावले. मी तो कागद घडी करून खणात ठेवला आणि चौदा महिने तो तेथेच राहिला. मला काहीच दुखत नव्हते. आणि जे दुखत नाही त्याची दाद कोणाकडे मागावयाची?

श्रोतेहो, आज बोलावयाचे आहे ते याच न दुखणाऱ्या दुखण्याविषयी, म्हणजे मधुमेहाविषयी. मी वैद्य नाही. औषध कोणते आणि किती, हे ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. परंतु निदान डॉक्टरांनी केले, तरी रोगाबरोबरचा संसार रोग्यालाच करावा लागतो. त्या संसाराची सहा वर्षे मी काढली आहेत, एवढाच माझा अधिकार.

हा संसार करणारा मी एकटा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि त्याच्या उंबरठ्यावर आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक उभे आहेत. यांपैकी किती जणांचे कागद खणात घडी घालून पडले असतील, याचा विचार मनात आला की मी अस्वस्थ होतो.

मी तो कागद का लपविला? अज्ञानामुळे म्हणावे, तर तसे नव्हते. माझ्या वडिलांना हाच विकार होता. ते शाळामास्तर होते. एके उन्हाळ्यात वहाणेचा अंगठा लागून त्यांच्या पायाला लहानशी जखम झाली. मधुमेहाने पायाच्या मज्जातंतूंची संवेदना कमी झालेली, त्यामुळे ती त्यांना जाणवलीच नाही. आईने विचारले की ते म्हणत, "दुखत नाही ना? मग झाले तर!" तीन महिन्यांनी त्यांचा तो पाय गुडघ्याखाली कापावा लागला. हे सारे मी डोळ्यांनी पाहिले होते. कागद खणात गेला तो भीतीपोटी. जोपर्यंत दुसरा कागद येत नाही, तोपर्यंत पहिला खोटा ठरण्याची आशा असते.

या भीतीला आणखी एका समजुतीचा आधार होता. मी अंगाने सडपातळ आहे आणि मधुमेह स्थूल माणसांना होतो, असे मी धरून चाललो होतो. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ही समजूत केव्हाच मोडीत काढली आहे. २००४ साली त्यांचे स्वतःचे आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात शेजारी शेजारी छापले गेले. उंचीच्या मानाने दोघांचेही वजन तंतोतंत सारखे होते. परंतु शरीरातील चरबी मोजली, तेव्हा इंग्रज गृहस्थांची ९.१ टक्के निघाली आणि आपल्या पुणेकरांची २१.२ टक्के. आपण भारतीय वरून कृश दिसलो, तरी आतून पुष्कळदा मेदस्वी असतो. पोटाभोवतीचा हा मेद इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतो. मग स्वादुपिंडाला अधिकाधिक इन्सुलिन तयार करावे लागते, आणि वर्षानुवर्षे जादा काम करून ते थकते. सर्वसाधारणपणे प्रौढ वयात जडणाऱ्या मधुमेहाची ही कुळकथा आहे.

माझा कागद अखेर सापडला तो पत्नीला. विम्याची पावती शोधताना तिच्या हाती तो लागला. तिने तो वाचला, माझ्यासमोर ठेवला आणि एवढेच म्हणाली, "अहो, मामंजींचा पाय विसरलात का?" दुसऱ्या दिवशी सकाळी मी उपाशीपोटी प्रयोगशाळेच्या बाकावर बसलो होतो.

उपाशीपोटीची साखर १२६ किंवा त्याहून अधिक भरली आणि पुन्हा तपासूनही तशीच आली, तर मधुमेह आहे असे मानतात. दुसरी एक तपासणी अधिक बोलकी आहे. रक्तातील तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. त्यांतील हिमोग्लोबिनला जी साखर चिकटते, तिच्या प्रमाणावरून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. हे प्रमाण ६.५ टक्के वा त्याहून अधिक असेल, तर तो मधुमेह. उपचार सुरू झाल्यावर बहुतेक प्रौढांनी ते ७ च्या खाली राखावे असे सांगतात. वृद्धांसाठी डॉक्टर ही मर्यादा थोडी सैल करतात. जुन्या पेढीवरच्या भाषेत बोलावयाचे, तर बोटाला सुई टोचून घरी घेतलेली साखर ही रोजकीर्द आणि ही तीन महिन्यांची तपासणी म्हणजे खतावणी. तपासणीच्या आधी दोन दिवस गोड सोडून रोजकीर्द सजविता येते. खतावणी मात्र फसत नाही.

आता आहाराचे पाहू. नोकरीच्या निमित्ताने मी चेन्नईत राहिलो, कोलकात्यात राहिलो, आता दिल्लीत आहे. चेन्नईने मला तीन वेळा भात वाढला, कोलकात्याने प्रत्येक शुभवार्तेला संदेश खिलविला आणि दिल्लीने पराठ्यांवर लोण्याचे गोळे ठेवले. प्रत्येक गावी मी तेथील अन्नाला दोष दिला. पुढे उमगले, की दोष पदार्थापेक्षा पानातील वाटणीचा होता. आपल्या ताटात डावी बाजू केवळ तोंडी लावण्यापुरती असते आणि मधला भाग भात व पोळ्या व्यापून टाकतात. ही वाटणी बदलावयाची. अर्धे ताट पालेभाजी, फळभाजी आणि कोशिंबीर यांचे. पाव ताट वरण, उसळ, दही, अंडी किंवा मासळी यांचे. आणि उरलेले पाव ताट भाकरी, पोळी किंवा भात यांचे. आधी भाजी व उसळ खावी आणि भाताकडे नंतर वळावे, म्हणजे जेवणानंतरची साखर सावकाश चढते.

या बाबतीत आपल्याकडे काही गोड गैरसमज आहेत. साखर वाईट परंतु गूळ चालतो, मध तर औषधीच, असे अनेक जण मानतात. रक्तात शिरल्यावर या तिघांचे वर्तन फारसे निराळे नसते. ज्वारीची भाकरी मैद्याच्या पदार्थांपेक्षा केव्हाही चांगली. पण भाकरी 'चालते' म्हणून चार खाल्ल्या, तर ती आपला चांगुलपणा राखू शकत नाही. आणि उपवास! 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण ज्याने रचली, त्याने साबुदाण्याची खिचडी नीट पारखलेली असावी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि सोबतीला बटाटा.

व्यायामाचा उपदेश तर आपल्या परंपरेतच आहे. सुश्रुतसंहितेत निर्धन प्रमेही रुग्णाला शंभर योजने पायी हिंडण्यास किंवा विहीर खणण्यास सांगितले आहे. आजचे शास्त्र आठवड्यातून निदान १५० मिनिटे भरभर चालण्यावर समाधान मानते. स्नायू काम करू लागले, की इन्सुलिन तोकडे असतानाही ते रक्तातील साखर ओढून घेतात. म्हणून जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची शतपावलीही वाया जात नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. केवळ आहार आणि व्यायाम यांच्या बळावर मधुमेह जडण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले. सुश्रुताचा एक सल्ला मात्र आज मानू नये. त्याने अनवाणी चालण्यास सांगितले होते. माझ्या वडिलांच्या स्मृतीस स्मरून मी सांगतो, की मधुमेही माणसाने घरातही अनवाणी चालू नये, आणि रात्री निजण्यापूर्वी स्वतःचे तळपाय व बोटांची बेचके दिव्याच्या उजेडात पाहावीत. ज्याला दुखणे कळत नाही, त्याने डोळ्यांनी पहारा करावा.

औषधाच्या बाबतीत आपण अजून संकोची आहोत. गोळी सुरू झाली की आपण हरलो आणि इन्सुलिन सुरू झाले की सारे संपले, अशी भावना घरोघरी आहे. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांना इन्सुलिन गवसले; जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मरणोन्मुख मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. शुद्ध केलेली दुसरी मात्रा मिळताच तो सुधारला. त्यापूर्वी अशा मुलांना उपाशी ठेवून मृत्यू थोडा लांबविणे एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. या शोधाचे हक्क संशोधकांनी प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाच्या स्वाधीन केले. अशा औषधाला शेवटची शिक्षा मानणे हा कृतघ्नपणा नव्हे काय? या विकारात स्वादुपिंडाची शक्ती हळूहळू ओसरत जाते. म्हणून औषध वाढावे लागले, तर त्यात रोग्याचे पाप नसते.

गोळ्यांत मेटफॉर्मिन हे जुने आणि विश्वासू औषध. १९५७ साली फ्रान्समध्ये डॉ. झाँ स्टर्न यांनी मधुमेहावर त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. अलीकडच्या काही गोळ्या जादा साखर मुद्दाम मूत्रावाटे बाहेर टाकतात आणि अनेक रुग्णांत हृदय व मूत्रपिंड यांचेही रक्षण करतात. ज्या लक्षणावरून प्राचीनांनी या रोगाला 'मधुमेह' हे नाव दिले, तेच आज उपचाराचे साधन झाले आहे. औषधांचा लाभ किती, हे ब्रिटनमध्ये वीस वर्षे चाललेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. साखर अधिक कसोशीने ताब्यात ठेवलेल्या रुग्णांत डोळे, मूत्रपिंडे इत्यादींच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. म्हणून वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंडे तपासून घ्यावीत, आणि रक्तदाबाकडेही लक्ष ठेवावे.

तथापि औषध घेणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये. ती मी कशी शिकलो, ते सांगतो. पहिल्या वर्षी मी औषध घेत होतो, परंतु कचेरीत कोणाला कळू दिले नव्हते. आषाढी एकादशीला स्वादुपिंडाकडून अधिक इन्सुलिन वदवून घेणारी गोळी नेहमीप्रमाणे घेतली आणि उपवास धरला. बैठक लांबत गेली. दुपारी दोनच्या सुमारास हात कापू लागले, घाम फुटला, बोलताना शब्द अडखळू लागले. मी रागावलो आहे, असे समजून सहकारी गप्प बसले. दाराशी उभा असलेला शिपाई मात्र आत आला. त्याने काही न विचारता तीन-चार चमचे साखर घातलेला चहा माझ्या हाती दिला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "पी लीजिए साहब, मेरी माँ को भी ऐसा ही होता है." दहा-पंधरा मिनिटांत मी माणसांत आलो.

साखर ७० च्या खाली उतरली, की ही अवस्था येते. अशा वेळी पंधरा ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज तत्काळ घ्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि नंतर काही खावे. रोगी बेशुद्ध असेल, तर त्याच्या तोंडात काही न घालता त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. उपवास करावयाचाच असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलून गोळीची मात्रा ठरवून घ्यावी.

त्या दिवसापासून माझ्या मेजाच्या खणात ग्लुकोजची पुडी असते, आणि ती कोठे आहे हे साऱ्या कचेरीला ठाऊक आहे. आता मला कोणी बिनसाखरेचा चहा देताना कुजबुजत नाही. घरात पत्नी आणि मी जेवणानंतर बरोबरच चालतो. महिन्याची नोंदवही ती माझ्याआधी उघडते. न दुखणाऱ्या दुखण्याला दडून बसण्यास अंधार हवा असतो, आणि तो अंधार पुष्कळदा आपणच पुरवितो. ज्या खणात मी चौदा महिने कागद लपविला होता, त्यात आता तीच नोंदवही असते. त्या खणाला मी कुलूप लावीत नाही.