पदराआडचा फुगवटा

बचत गटाच्या बैठकीत आपण हप्त्यांचा हिशेब पैशापैशापर्यंत करतो, पण स्वतःच्या दुखण्याचं नाव काढत नाही. म्हणून आज आम्ही बोलणार आहोत पोटावरच्या हर्नियाबद्दल.

बेंबीजवळ किंवा जुन्या टाक्यांच्या जागी फुगवटा येतो. खोकलं, हंडा उचलला की दिसतो. आडवं झालं की आत जातो. ‘पोट सुटलंय, चरबी आहे’ म्हणून आपण त्यावर पदर ओढतो. अंगानं भारी असलेली बाई तर हमखास ओढते, कारण लोक आधीच हसतात. पण ही नुसती चरबी नसते. पोटाच्या स्नायूंची भिंत एका जागी विरते आणि त्या भोकातून आतली चरबी किंवा आतडं बाहेर येतं. बाळंतपणं, सिझेरियनचा किंवा पिशवी काढल्याचा छेद, जुना खोकला, शौचाला कुंथणं ही त्याची कारणं. वजन जास्त असेल तर त्या भिंतीवर आतून सारखा ताण असतो.

आमच्या गटातली एक ताई तीन वर्षं पट्टा बांधून खुरपायला जात होती. पट्ट्यानं आधार मिळतो, भोक बुजत नाही. शेवटी दवाखान्यात गेली, तर डॉक्टर म्हणाले, ‘ऑपरेशन करू, पण आधी वजन उतरवा, साखर आटोक्यात आणा, मिश्री सोडा.’ घरच्यांना वाटलं, डॉक्टर टाळतायत. तसं नव्हतं. वजन जास्त असलं की जखम चिघळण्याचा आणि हर्निया पुन्हा होण्याचा धोका वाढतो. वाढलेली साखर आणि तंबाखू यांनी जखम भरायला वेळ लागतो.

तिचं ऑपरेशन दुर्बिणीनं झालं. यात पूर्ण भूल देतात. पोटात वायू भरून जागा करतात, बाजूनं तीन-चार लहान छिद्रं पाडतात, बाहेर आलेलं आत घेतात आणि आतून जाळी बसवतात. गोधडीला ठिगळ लावताना आपण ते भोकापेक्षा मोठं घेतो ना, तशीच ही जाळी चहूबाजूंनी मोठी घेतात. मोठा छेद नसल्यानं जखम चिघळण्याची भीती कमी होते, म्हणून जाड बाईला याचा फायदा जास्त. तरी हे सगळ्यांना जमतंच असं नाही. हर्निया फार मोठा असेल किंवा आधीच्या ऑपरेशनांनी आतडी चिकटलेली असतील, तर पोट उघडावं लागू शकतं.

नंतर काही आठवडे त्या जागी पाणी साचून फुगवटा दिसू शकतो. बहुतेक वेळा तो आपोआप जिरतो, पण डॉक्टरांना दाखवा. सुई घालून पाणी काढायचा हट्ट धरू नका.

आता हे नीट ऐका. फुगवटा आत जाईना, कडक झाला, जोरात दुखू लागला, लाल-काळा पडला, उलट्या होऊ लागल्या, वारा सरेना, तर आतडं अडकलेलं असू शकतं. त्याचा रक्तपुरवठा तुटला तर ते सडतं, जीव जातो. अशा वेळी चोळू नका, दाबून आत ढकलू नका, काही खाऊ-पिऊ नका. सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा आणि ऑपरेशनची सोय असलेलं रुग्णालय गाठा.

वेळ हातात असेल तर सर्जनला तीन गोष्टी विचारा: दुर्बिणीनं होईल का? जाळीसकट खर्च किती? जड काम किती दिवस बंद? महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

त्या ताईच्या घरी आम्ही सहा आठवडे आळीपाळीनं पाणी भरलं, वैरण टाकली. कारण जाळी डॉक्टर बसवतात, पण तिला टिकायला विश्रांती लागते आणि बाईला ती कुणी आपणहून देत नाही. गटातून कर्ज मिळतं तसे हातही मिळाले पाहिजेत. पुढच्या बैठकीत हिशेब संपला की एकमेकींना एवढंच विचारा, ‘बाई गं, पदराआड काही लपवलंयस का?’