पालापाचोळ्यातले पाहुणे
(हीरकमहोत्सवी वर्षानिमित्त माजी विद्यार्थी मेळाव्यात झालेले व्याख्यान)



या शाळेतून बाहेर पडलेले कितीतरी जण नोकरीनिमित्त बंगळुरूत स्थायिक झाले आहेत. शहराच्या दक्षिण भागात, जयप्रकाश नारायण यांच्या नावाने वसलेल्या जे. पी. नगरातही मराठी घरे आहेत. त्याच भागात कर्नाटक वनखात्याच्या संशोधन विभागाचे, दोरेसानीपाळ्य नावाचे जंगल आहे. भोवती इमारती, जवळच बन्नेरघट्टा रस्त्याची वर्दळ आणि मध्ये हा झाडांचा तुकडा. सकाळी फिरायला येणाऱ्या पुष्कळांच्या लेखी ती केवळ एक सावलीची वाट असते.

सह्याद्रीच्या कुशीत वाढलेला माणूस मात्र बंगळुरूच्या अशा झाडीत पहिल्याच सकाळी थबकतो. ‘कुट्रू, कुट्रू’ असा ओळखीचा घोष कानी पडतो आणि पक्षी काही केल्या दिसत नाही. पानांच्याच रंगाचा तो कुटुर्गा! कन्नड भाषेत त्याला कुट्रुहक्की म्हणतात. हक्की म्हणजे पक्षी. दोन्ही भाषांनी एकाच आवाजावरून नाव घडवावे, यात नवल नाही. मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ आणि पूर्णचंद्र तेजस्वींचे कन्नडमधील पक्षिविषयक लेखन शेजारी ठेवले, तर अशा शब्दांचा शोध घेण्यात कित्येक संध्याकाळी सरतील. परप्रांतातल्या मुलाला शेजाऱ्यांची भाषा शिकवण्याचा याहून आनंददायी मार्ग क्वचितच असेल.

हा कुटुर्गा वाळलेल्या, मऊ पडलेल्या फांदीत चोचीने ढोली कोरून घरटे करतो. पिंगळा स्वतः ढोली कोरत नाही. तयार पोकळीत संसार थाटतो. म्हणजे जी फांदी रहिवाशांना कुरूप आणि निरुपयोगी वाटते, तीच दोन-तीन कुटुंबांचे घर असते.

त्याहून अधिक उपेक्षा होते ती पालापाचोळ्याची. नवरंग हा पक्षी हिमालयाच्या पायथ्याशी आणि मध्य भारतात वीण करतो व हिवाळ्यासाठी दक्षिणेकडे, थेट श्रीलंकेपर्यंत उतरतो. वाटेत बंगळुरूच्या झाडीत तो विसावतो. इतके रंग अंगावर असूनही तो सहसा दिसत नाही, कारण त्याचा वावर जमिनीवर, झुडपांच्या अंधारात असतो. पाने उलटीपालटी करून तो किडे आणि गांडुळे टिपतो. नारिंगी डोक्याच्या कस्तूराचीही रीत तीच. पाचोळा झाडून नेला, की ओल जाते, ओलीबरोबर किडे जातात आणि दूरवरून आलेल्या पाहुण्याचे ताट रिकामे राहते.

नागरी जंगलांना खरा धोका कुऱ्हाडीइतकाच या टापटिपीचा आहे. झुडपे छाटावीत, हिरवळ लावावी, रात्री दिवे लावावेत, अशी मागणी सद्हेतूने होते. सापाची भीती खरी आहे. उन्हाळ्यात वाटेलगतचा सुका पाला आगीच्या भयाने काढावा लागतो, हेही खरे. परंतु वाटेची कडा साफ ठेवणे निराळे आणि संपूर्ण रान झाडून काढणे निराळे. बाग आणि जंगल यांतला भेद मुलांना लवकर समजतो. अडचण मोठ्यांची असते.

नागरिकांनी मनावर घेतले तर काय होते, याचे उदाहरण जे. पी. नगरातच आहे. सातव्या टप्प्यातील पुट्टेनहळ्ळी तलाव कोरडा पडू लागला होता. आसपासच्या रहिवाशांनी 2010 मध्ये न्यास स्थापन केला आणि पुढच्याच वर्षी महानगरपालिकेशी करार करून देखभाल अंगावर घेतली. आज तेथे जांभळी पाणकोंबडी हमखास दिसते. त्यांचे काम संपलेले नाही. शहरातल्या तलावाचे काम कधी संपत नाही.

बंगळुरूत काही जुन्या वृक्षाच्छादित परिसरांत, उदाहरणार्थ भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात, लॉरिस हा मोठ्या डोळ्यांचा, सडपातळ निशाचर प्राणी अजून तग धरून आहे. कन्नडमध्ये त्याला ‘काडुपाप’, म्हणजे रानातले बाळ, म्हणतात. त्याला फांदीवरून फांदीवर जाता येईल अशी सलग झाडी लागते; मध्ये एक रुंद रस्ता आला की त्याची वाट तुटते.

निरीक्षणाला मोठी साधने लागत नाहीत. एक वही पुरते. दुर्बीण असल्यास उत्तम. तारीख, वेळ, झाड, आवाज एवढे लिहावे. सप्टेंबरात करडा धोबी उत्तरेकडून येतो आणि शेपूट हलवीत वाटेवर उतरतो. त्यामागोमाग येणारा हिरवट वटवट्या जेमतेम सात-आठ ग्रॅम वजनाचा असतो. पहिला धोबी कोणत्या तारखेला दिसला, ही नोंद सलग दहा वर्षे ठेवणारे घर त्या जंगलाविषयी इतरांना ठाऊक नसलेले काही तरी जाणत असेल. यंदाचा सप्टेंबर फार दूर नाही.