पेशींच्या गतीचा हिशेब
(देणगीदार व रुग्ण-कुटुंबीय मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



प्रशासकाने वर्षाचा जमाखर्च सांगावा आणि खाली बसावे, अशी आपली प्रथा आहे. तो जमाखर्च या अहवालात पुढे छापलेला आहेच. त्यातील एका नोंदीविषयी मात्र आपणांपैकी अनेकांनी विचारणा केली: पॅथॉलॉजी विभागाच्या रसायनांवरील खर्च एवढा का वाढला? त्या पैशांत डोळ्यांना दिसेल असे एखादे यंत्र आले असते, असेही काहींनी सुचवले. प्रश्न रास्त आहे आणि आज आम्ही त्या एका नोंदीविषयीच बोलणार आहोत. आम्ही वाणिज्य शाखेचे. पेशींचे शास्त्र आम्हांस विभागातील डॉक्टरांनी व तंत्रज्ञांनी शिकवले. सांगण्यात काही उणे राहिल्यास दोष आमचा मानावा.

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले की गाठीचा आकार किती, काखेतील लसिकाग्रंथींपर्यंत रोग पोहोचला आहे का, हे पाहिले जाते. यावरून रोग आज कोठे आहे ते कळते. ताळेबंदही एवढेच सांगतो. ३१ मार्च रोजी संस्था कोठे उभी आहे हे त्यात दिसते, ती कोणत्या गतीने चालली आहे हे दिसत नाही. गाठीची गती दाखवणारी एक खूण म्हणजे की-६७ हे प्रथिन. पेशी विभाजनाच्या चक्रात असेपर्यंत ते तिच्या केंद्रकात सापडते. पेशी विसावली की सापडत नाही. ते ओळखणारे प्रतिपिंड योहानेस गेर्डेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली प्रसिद्ध केले. ‘की’ ही जर्मनीतील कील या शहराच्या नावाची आद्याक्षरे आणि ६७ हा प्रयोगाच्या ताटलीतील खणाचा क्रमांक. अहवालातील हा ६७ आपल्याच रुग्णाचा आकडा समजून रात्रभर न झोपलेले नातेवाईक आम्ही पाहिले आहेत. रुग्णाचा आकडा त्यापुढे टक्क्यांत लिहिलेला असतो.

हे टक्के असे निघतात. गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवून मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्याचे अतिशय पातळ काप काचपट्टीवर घेतात आणि त्यांवर प्रतिपिंडाची प्रक्रिया करतात. विभाजनाच्या मार्गावरील पेशींची केंद्रके तपकिरी होतात, बाकीची निळी राहतात. मग डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली शेकडो कर्कपेशी मोजतात. शंभरांपैकी जितक्या तपकिरी, तितके टक्के.

या आकड्याचे खरे काम एका विशिष्ट प्रसंगी पडते. गाठ संप्रेरकांना प्रतिसाद देणारी आहे, हर-टू नकारात्मक आहे, फार पसरलेली नाही. अशा भगिनीस शस्त्रक्रियेनंतर केवळ संप्रेरक-विरोधी गोळ्या पुरतील, की केमोथेरपीही द्यावी? एका बाजूस अनावश्यक केमोथेरपीचा त्रास आणि खर्च, दुसऱ्या बाजूस रोग परतण्याचे भय. या विषयावरील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार अशा रुग्णांत ५ टक्के वा त्याहून कमी आणि ३० टक्के वा त्याहून अधिक, ही दोन टोकेच भरवशाची आहेत. मधल्या पट्ट्यात दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत, दोन डॉक्टरांचेही जुळत नाहीत. एकवीस जनुकांची महागडी चाचणी अशा वेळी उपयोगी पडते. त्या एकवीसांत की-६७ चे जनुकही आहे, परंतु त्या चाचणीचा खर्च आमच्या बहुतेक रुग्णांच्या आवाक्याबाहेरचा आहे. म्हणूनच आमच्याकडे होणारी साधी चाचणी निर्दोष होणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ती सदोष कशी होते, हे एका प्रसंगाने आम्हांस शिकवले. तालुक्याच्या गावी शस्त्रक्रिया झालेल्या एका भगिनीची गाठ त्यांचा मुलगा दुसऱ्या दिवशी एसटीने घेऊन आला. प्लास्टिकच्या डबीत, सलाइनच्या पाण्यात. त्यात त्याची काहीच चूक नव्हती. त्याला दिले ते त्याने जपून आणले. चाचणीत की-६७ जवळजवळ शून्य आला. घरच्यांना हायसे वाटले. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना मात्र वाटले नाही, कारण नेहमीच्या रंगकामात विभाजन पावणाऱ्या पेशी त्यांना स्पष्ट दिसत होत्या. त्यांनी अहवाल रोखला आणि शस्त्रक्रियेपूर्वी सुईने काढलेल्या तुकड्याचा ठोकळा मागवला. तो वेळेवर फॉर्मॅलिनमध्ये गेला होता. त्यावरचा आकडा तीसच्या बराच वर निघाला आणि उपचारांची दिशा बदलली. “मग पहिला आकडा खोटा होता का?” असे मुलाने विचारले. मॅडम म्हणाल्या, “आकडा डबीतल्या तुकड्याचा होता, तुझ्या आईच्या गाठीचा नव्हता.” त्या भगिनींनी केमोथेरपी पूर्ण केली असून त्या नियमित तपासणीस येतात.

वाढलेला खर्च येथे झाला आहे. गाठ काढल्यापासून तासाभरात ती किमान दहापट फॉर्मॅलिनमध्ये जावी आणि त्यात सहा ते बहात्तर तास राहावी, हा नियम आहे. त्यासाठी भरलेल्या बरण्या आम्ही परिसरातील लहान रुग्णालयांना विनामूल्य पोहोचवतो. बरणीवर गाठ काढल्याची वेळ लिहिण्यास जागा ठेवली आहे. प्रतिपिंडाची कुपी महाग असते, थंड ठेवावी लागते आणि मुदत संपली की टाकून द्यावी लागते. दर खेपेस टॉन्सिलच्या ऊतीची एक काचपट्टी सोबत रंगवतात. तिच्यावर अपेक्षित रंग उतरला नाही तर सारी खेप रद्द होते. रद्द झालेल्या खेपांचा खर्चही त्याच नोंदीत आहे. हिशेबनीस म्हणून तो आम्हांस पूर्वी खुपत असे.

आकड्यास देवत्व देऊ नये, हेही सांगितले पाहिजे. ॲबेमासिक्लिब या औषधास अमेरिकेत ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरुवातीच्या टप्प्यातील जोखमीच्या रोगासाठी मान्यता मिळाली, तेव्हा की-६७ किमान २० टक्के असण्याची अट होती. मार्च २०२३ मध्ये ती अट काढण्यात आली. उलट, ब्रिटनमधील पोएटिक या चाचणीने एकाच आकड्याऐवजी दोन आकडे पाहण्याचा मार्ग दाखवला. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. रजोनिवृत्त भगिनींना शस्त्रक्रियेपूर्वी दोन आठवडे गोळ्या देऊन की-६७ पुन्हा मोजला, तेव्हा ज्यांचा आकडा उतरला त्यांच्यात रोग परतण्याचे प्रमाण, आकडा चढाच राहिलेल्यांच्या तुलनेत, पुष्कळ कमी आढळले. निवडक रुग्णांत अशी दुहेरी मोजणी करण्याचा प्रस्ताव आमच्या डॉक्टरांनी विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे.

कुटुंबीयांना एक विनंती. दुसरीकडे तपासणी झाली असल्यास केवळ कागदी अहवाल न आणता मेणाचा ठोकळा व काचपट्ट्या मागून आणाव्यात. आमच्याकडील ठोकळा दुसरीकडे न्यायचा असल्यास तळमजल्यावरील नोंदणी खिडकीवर लेखी अर्ज द्यावा. तो कोणतेही शुल्क न घेता दिला जातो. ठोकळा उन्हात वा गाडीच्या काचेपाशी ठेवू नये, मेण वितळते.