लष्करी निकालाची तपासणी कोणी करावी?

(सोलापूर येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मार्शल लॉ म्हणजे काय, हे सोलापुरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. गांधीजींच्या अटकेची बातमी मे १९३०च्या पहिल्या आठवड्यात येथे पोहोचली, गिरण्या बंद पडल्या, ८ मे रोजी गोळीबार झाला, मंगळवार पेठेतील पोलीस चौकी जळाली, दोन पोलीस मारले गेले आणि पुढचे काही दिवस सरकारी अंमल शहरातून जवळजवळ नाहीसा झाला. १२ मेपासून जूनअखेरपर्यंत हे शहर लष्कराच्या हुकमाखाली होते. एवढा इतिहास येथील शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्या इतिहासाचा एक कोपरा मात्र अजून अंधारात राहिला आहे. लष्कराच्या न्यायासनाने त्या दिवसांत दिलेल्या शिक्षा योग्य होत्या की अयोग्य, हे पाहण्याचा अधिकार कोणाला होता?

तारखा पाहिल्या तरी पुष्कळसा उलगडा होतो. लष्करी अंमल सुरू झाला १२ मे रोजी. त्याला कायद्याचे छत्र देणारा व्हाइसरॉयचा वटहुकूम निघाला १५ मे रोजी. म्हणजे आधी अंमल आणि मागाहून कायदा. गांधी टोपी घालणे, काँग्रेसचा झेंडा हाती घेऊन निघणे, या गोष्टी गुन्हा ठरल्या त्या कोणत्याही विधिमंडळाने ठरविल्या म्हणून नव्हे, लष्करी अधिकाऱ्याने फर्मान काढले म्हणून. फर्मान काढणारा, माणूस पकडणारा आणि शिक्षा सांगणारा, तिघेही एकाच छावणीतले. अशा न्यायासनाला न्यायालय म्हणावे की नाही, याविषयी ब्रिटिश कायदेपंडितांनाच शंका होती. मार्शल लॉखालील लष्करी न्यायासन म्हणजे सेनापतीच्या हुकमाची अंमलबजावणी करणारी एक समिती, असे त्यांच्यापैकी अनेकांचे मत होते.

या शिक्षांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला. वकिलांच्या ग्रंथांत ते प्रकरण ‘चनप्पा शांतीरप्पा विरुद्ध एम्परर’ या नावाने आढळते. मार्शल लॉचा पाया केवळ गरज हाच आहे आणि ती गरज खरोखर होती की नव्हती हे न्यायालय पाहू शकते, हे तत्त्व त्या निकालातून पुढे आले. परक्या राजवटीच्या न्यायालयाने एवढे मान्य करणे ही लहान गोष्ट नव्हे. पण तोवर मार्शल लॉ उठून गेला होता आणि माणसे तुरुंगाची हवा खाऊन चुकली होती. शिक्षा आधी आणि तिची तपासणी सवडीने, हा क्रम तेव्हापासून लष्करी न्यायाला जणू चिकटूनच बसला आहे.

त्याच मे महिन्यात लाहोरच्या खटल्यासाठी दुसरा वटहुकूम निघाला होता. भगतसिंग, सुखदेव आणि खेडचे राजगुरू यांचा निवाडा करणाऱ्या खास न्यायाधिकरणावर अपीलच ठेवलेले नव्हते. फेब्रुवारी १९३१मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की, आणीबाणीची परिस्थिती आहे की नाही हे ठरविणारे एकटे गव्हर्नर जनरलच. मुंबईत किलकिले झालेले दार लंडनने असे लोटून घेतले.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना लष्करी न्यायालयाने फाशी दिली, असे सभांतून सर्रास बोलले जाते. ते बरोबर नाही. त्यांचा खटला नेहमीच्या सत्र न्यायालयात चालला, उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास त्यांना फाशी झाली. अपील असले म्हणजे न्याय होतोच, असे यावरून म्हणता येणार नाही. परंतु त्या खटल्याचे पुरावे, साक्षी आणि युक्तिवाद यांची नोंद राहिली. म्हणूनच तो निकाल पुढच्या पिढ्यांना तपासता आला. ज्यांना छावणीतल्या टेबलावर शिक्षा झाली त्यांच्याविषयी असे किती सांगता येईल?

आता स्वतंत्र भारताकडे वळू. घटनेचे ३४वे कलम किती कार्यकर्त्यांनी वाचले असेल? मार्शल लॉ असलेल्या प्रदेशात केलेल्या कृत्यांबद्दल अधिकाऱ्यांना संरक्षण देण्याचा आणि तेथे दिल्या गेलेल्या शिक्षा मागाहून कायदेशीर ठरविण्याचा अधिकार ते संसदेला देते. म्हणजे ‘आधी अंमल, मागाहून कायदा’ या रीतीला आमच्या घटनेतही जागा मिळाली. संसदेने तो अधिकार वापरलेला नाही हे खरे. तो पुसूनही टाकलेला नाही. शिवाय १३६व्या कलमाने सर्वोच्च न्यायालयाची विशेष परवानगीची वाट आणि २२७व्या कलमाने उच्च न्यायालयाची देखरेख, दोन्ही लष्करी न्यायालयांपुरत्या बंद केल्या. उरला तो २२६व्या कलमाखालचा रिट अर्ज. पण रिटमध्ये पुराव्याची फेरतपासणी सहसा होत नाही.

सैन्य कायदा १९५०चा. तो ब्रिटिश साच्यावर बेतलेला. गंमत अशी की, पुढच्याच वर्षी, १९५१ साली, ब्रिटनने कोर्ट मार्शलवर अपील ऐकणारे न्यायालय कायद्याने उभे केले. मूळ मालकाने टाकून दिलेला कोट आम्ही पन्नासाहून अधिक वर्षे अंगावर वागविला. आमच्या कायद्यात निकाल ‘कायम’ करणारा वरिष्ठ अधिकारी होता, अर्ज करण्याची सोय होती. पण तपासणारा आणि शिक्षा देणारा हे एकाच उतरंडीतले. अशा मंजुरीत कधी माणुसकीही दिसते. लाल किल्ल्यातील आझाद हिंद सेनेच्या खटल्यात शाहनवाज खान, सेहगल आणि धिल्लाँ यांची जन्मठेप सरसेनापती ऑकिनलेक यांनी जानेवारी १९४६मध्ये रद्द केली, ती मंजुरीच्या याच टप्प्यावर. तेथे मात्र भुलाभाई देसाईंसारखा वकील होता आणि रस्त्यावर देश उभा होता. माढ्याच्या किंवा सांगोल्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलासाठी देश रस्त्यावर येत नाही.

अशा जवानाची गाठ बहुधा पडते ती समरी कोर्ट मार्शलशी. त्यात कमांडिंग ऑफिसर हाच एकटा न्यायालय असतो. सोबत दोन अधिकारी बसतात, पण ते शपथ घेत नाहीत. ऑफिसर लेफ्टनंट कर्नल किंवा त्याहून वरचा असेल तर एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो, आणि या निकालाला मंजुरीचीही गरज नाही. शिक्षा तात्काळ सुरू होते. सिग्नलमन रणजित ठाकूर यांचे प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्यांनी वरिष्ठांकडे परस्पर तक्रार पाठविली म्हणून त्यांना कैद झाली. ती भोगत असताना जेवण नाकारले, म्हणून समरी कोर्ट मार्शलने एक वर्षाची सक्तमजुरी दिली आणि नोकरीही गेली. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार होती, तोच निवाडा करण्यास बसला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली ती कारवाई रद्द केली. पक्षपाताचा वहीम आणि अपराधाच्या मानाने अवाजवी शिक्षा, ही दोन कारणे दिली. जेवण नाकारल्याबद्दल एक वर्ष! दिल्लीपर्यंत पोहोचण्याचे बळ नसलेला दुसरा एखादा जवान असता, तर ही शिक्षा शिस्तीच्या खाती जमा होऊन विसरली गेली असती.

लष्कराला शिस्त हवी, रणांगणावर वकिलांची फौज चालणार नाही, हा आक्षेप घेतला जातो. तो उडवून लावण्याजोगा नाही. परंतु झटपट शिक्षा देणे ही एक गोष्ट आणि त्या शिक्षेला अखेरचा शब्द मानणे ही दुसरी. विश्वप्रिय सिंग प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानेच बजावले की समरी कोर्ट मार्शल हा अपवाद आहे; तातडीची गरज असेल तेव्हाच तो मार्ग धरावा. रणांगणापासून शेकडो मैल दूर, शांततेच्या काळातल्या छावणीत कसली तातडी?

अपिलाची मागणी जुनीच आहे. पृथीपाल सिंग बेदी यांच्या प्रकरणात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने एकही अपील नसण्याच्या उणिवेबद्दल स्पष्ट नापसंती दर्शविली. विधी आयोगाने १९९९ साली शिफारस केली. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा झाला २००७ साली आणि काम सुरू झाले २००९ साली. मुंबईतही त्याचे खंडपीठ आहे. पुरावा तपासणे, निकाल फिरविणे, शिक्षा कमी करणे हे अधिकार त्याला मिळाले, ही मोठीच प्रगती. पण ते उभे राहिले संरक्षण मंत्रालयाच्या छत्राखाली, आणि जवळजवळ प्रत्येक दाव्यात प्रतिवादी असते तेच मंत्रालय. त्यातही ‘सेवाविषयक बाबी’च्या व्याख्येतून समरी कोर्ट मार्शल वगळले आहे, अपवाद फक्त बडतर्फीचा किंवा तीन महिन्यांहून अधिक कैदेचा. सीमा सुरक्षा दलाचा जवान तर या न्यायाधिकरणाच्या कक्षेतच येत नाही. तीच बंदूक, तीच थंडी, तसेच खात्याचे न्यायालय. अपील मात्र नाही.

उच्च न्यायालयाच्या दाराचीही ओढाताण झाली. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने ते अरुंद केले. २१ मार्च २०२३च्या पुरुषोत्तम दास निकालाने २२६व्या कलमाचा अधिकार पुन्हा स्पष्ट झाला. न्यायाधिकरणाचा निकाल पटला नाही तर जवानाला दिल्लीच गाठावी लागेल, ही अवस्था त्यामुळे टळली. गरिबाच्या दृष्टीने मुंबई आणि दिल्ली यांतले अंतर केवळ मैलांचे नसते.

तालुक्याच्या कार्यालयात एखादा बाप मुलाचे पत्र घेऊन येतो तेव्हा कार्यकर्त्यांच्या हातून एक काम व्हायला हवे. निवेदने आणि मोर्चे नंतर. कोर्ट मार्शलच्या कामकाजाची प्रत मागण्याचा हक्क शिक्षा झालेल्याला सैन्य नियमावलीने दिलेला आहे. ती कागदपत्रे कायमची जपली जात नाहीत. म्हणून पहिला अर्ज त्या प्रतीसाठी, आणि तो त्याच आठवड्यात गेला पाहिजे.