उंची चढते, वेग उतरतो

एका दिवसाची सुट्टी मिळाली की मुंबईकर आधी घड्याळ बघतो. मीही त्यातलाच. गेल्या हिवाळ्यात दहा वर्षांच्या भाच्याला घेऊन माथेरानला निघालो, तेव्हा त्याच्या खिशात यादी होती: पॅनोरमा, लुईझा, एको, शार्लट तलाव... एकूण चौदा ठिकाणं. बारा वाजेपर्यंत निम्मी उरकायची, असा बेत.

दादरला पहाटेची कर्जत लोकल पकडली. कल्याणला कसाऱ्याचा मार्ग वेगळा झाला, आणि बदलापूर, वांगणी करता करता उजव्या हाताला डोंगर सोबतीला आले. सीएसएमटीपासून नेरळ साधारण ८६ किलोमीटर. दोन तासांत आलंच.

नेरळला आपण फलाट बदलतो आणि रूळ एकदम दोन फूट रुंदीचे होतात. माथेरानची ही छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ती घरच्या पैशांतून उभी केली. इथला चढ काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट आहे. खंडाळ्याच्या घाटात तो सदतीस फुटांना एक, तरी तिथे गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. म्हणून ही गाडी डोंगराशी झुंजत नाही. त्याला वळसे घालते, घोड्याच्या नालासारखी वळते आणि सातशे मीटरहून जास्त उंची हळूहळू गाठते. अंतर जेमतेम वीस किलोमीटर, वेळ मात्र दोन तासांहून अधिक.

जुम्मापट्टी स्टेशन गेलं तसा भाचा चुळबुळायला लागला. "मामा, उतरून चालत गेलो तर आधी पोचू का?" मी म्हटलं, "पोचशीलही." थोड्या वेळाने तोच म्हणाला, "ती टेकडी मघाशी या बाजूला होती ना? आता तिकडे कशी गेली?" वॉटर पाइप स्टेशन येईपर्यंत त्याने तीन वेळा टेकडीची बाजू बदललेली पकडली होती. यादी खिशातच राहिली.

अमन लॉज स्टेशनच्या अलीकडे दस्तुरी नाका आहे. बाहेरच्या मोटारी तिथेच थांबतात. पुढे घोडे, अलीकडे आलेल्या ई-रिक्षा, नाहीतर आपले पाय. लोकल, मग छोटी गाडी, मग तांबड्या मातीतून चालणं: उंची चढत जाते तसतसा वेग उतरत जातो. माथेरानची खरी थंड हवा मला यातच वाटते. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट चौकच्या बाजूने वर चढले, त्यानंतर इंग्रजांनी इथे बंगले बांधले. पण माथ्यावरच्या या रानाच्या पायवाटा ठाकर, धनगरांच्या पायाखालच्याच होत्या. ही जागा पहिल्यापासून चालणाऱ्यांचीच.

आम्ही चौदांपैकी दोन ठिकाणं पाहिली. उरलेला वेळ जांभळीच्या सावलीत गेला आणि एक अख्खं कणीस माकडाने नेलं.

जायचं असेल तर शनिवार-रविवार टाळा. गाडीच्या फेऱ्या मोजक्या, जागा त्याहून मोजक्या. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते. इथला पाऊस रूळ वाहून नेतो: २००५च्या पुरानंतर गाडी २००७पर्यंत बंद होती, २०१९मध्ये पुन्हा थांबली ती २०२२मध्ये सुरू झाली. म्हणून पावसाळ्यात दस्तुरीपर्यंत टॅक्सीने जा आणि पुढे अमन लॉजहून छोटी गाडी धरा.

परतताना उशीर झाला म्हणून आम्ही टॅक्सीने उतरलो. अर्ध्या तासात नेरळ. सकाळी "कधी पोचणार" म्हणून मला भंडावून सोडणारा भाचा गाल फुगवून म्हणाला, "एवढ्यात आलोसुद्धा?"